राज्याच्या कोठीची किल्ली

फाल्गुन लागला आणि होळीसाठी लाकडे मागत मुले दारोदार हिंडू लागली की, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर दरवर्षी एक चौकट न चुकता झळकते : ‘काय स्वस्त, काय महाग’. घरातील वडील मंडळी ती मोठ्याने वाचतात, माजघरातून कोणी तीवर एखादा शेरा मारते, आणि राज्याच्या अर्थसंकल्पाचा विचार तेथेच आटोपतो. वास्तविक ही चौकट सांप्रत बहुतांशी निरर्थक झाली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर अमलात आला आणि साबणापासून सोन्यापर्यंतच्या बहुतेक जिनसांवरील कराचे दर केंद्र व राज्ये यांच्या संयुक्त परिषदेत ठरू लागले. मुंबईच्या विधानभवनात त्यांत परस्पर फेरफार होत नाही. राज्याच्या स्वतःच्या हाती उरले आहेत ते पेट्रोल-डिझेलवरील विक्रीकर, मद्यावरील उत्पादनशुल्क, मुद्रांकशुल्क, वाहनकर, वीजशुल्क यांसारखे कर, आणि ज्याच्यावर एके काळी पेशव्यांपासून इंग्रजांपर्यंत सर्वांचे राज्य चालले तो जमीनमहसूल. यांपैकी शेवटचा तर आता नावालाच राहिला आहे. तेव्हा राज्याच्या अर्थसंकल्पात पाहावयाचे ते आपल्या खिशातून किती जाणार हे नव्हे; गेलेला पैसा कोणाकडे वळणार, आणि तो वळविण्याचा निर्णय केव्हा व कोठे होतो, हे पाहावयाचे असते. हा दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

‘अर्थसंकल्प’ हा शब्दच मोठा मार्मिक आहे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘अंदाजपत्रक’ किंवा सरळ ‘बजेट’ असे. परंतु नव्या शब्दात जुन्यापेक्षा अधिक अर्थ भरला आहे असे आम्हांस वाटते. पूजेला बसलेला यजमान हातात उदक घेऊन प्रथम देशकालाचा उच्चार करतो. कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीस, कोणत्या हेतूने, कोणते कर्म आपण करीत आहोत हे तो सांगतो, आणि मगच पळीभर पाणी ताम्हनात सुटते. सत्यनारायणाचा संकल्प सोडून श्राद्धाचे कर्म करता येत नाही. राज्याच्या खर्चाचे अगदी असेच आहे. शाळेसाठी मंजूर झालेला रुपया वाटेल तसा रस्त्यावर घालता येत नाही. आणि एका वर्षासाठी मंजूर झालेला रुपया त्या वर्षाच्या ३१ मार्चनंतर खर्चता येत नाही, तो ‘व्यपगत’ होतो. फरक एवढाच की येथे यजमान सरकार असले तरी उदक सोडण्याचा अधिकार त्याचा नाही. तो विधानसभेचा आहे.

राज्यघटनेत ‘बजेट’ हा शब्द कोठेच आलेला नाही. अनुच्छेद २०२ मध्ये आहे ते वार्षिक वित्तीय विवरणपत्र. त्यातील खर्चाचे दोन वर्ग केलेले असतात. राज्यपालांचे व उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, विधिमंडळाच्या पीठासीन अधिकाऱ्यांचे वेतन, राज्याच्या कर्जावरील व्याज, न्यायालयाच्या हुकूमनाम्यांप्रमाणे द्यावयाच्या रकमा, हा खर्च ‘भारित’. त्याची चर्चा करता येते, त्यावर मत घेता येत नाही. बाकी सर्व खर्च ‘दत्तमत’. म्हणजे सभासदांनी मत दिले तरच व्हावयाचा. दत्त आणि मत हे दोन साधे संस्कृत शब्द; पण त्यांच्या जोडीत लोकसत्तेचे निम्मे मर्म आले.

हे मत सहजासहजी मिळालेले नाही. हिशेबाची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्पन्न गोळा करणारा समाहर्ता आणि कोठार सांभाळणारा संनिधाता असे दोन स्वतंत्र अधिकारी आहेत, हिशेबाचे वर्ष आषाढी पौर्णिमेस संपते, आणि अधिकाऱ्यांनी पैसा खाण्याचे चाळीस प्रकारही त्याने नोंदविले आहेत. (ते वाचताना ग्रंथकाराचा अनुभव दांडगा असावा अशी शंका येते.) परंतु त्या हिशेबाचा जाब विचारणारा एकटा राजा होता. इंग्रजी अमलात जेम्स विल्सन याने १८६० साली कलकत्त्यास हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले, तरी त्यावर एतद्देशीयांना बोलण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला, आणि तोही केवळ बोलण्याचा. मत देण्याची मुभा नव्हती. अशा पांगळ्या हक्काचेही गोपाळराव गोखल्यांनी १९०२ साली काय केले हे प्रसिद्ध आहे. तिजोरीतील शिल्लक हे भरभराटीचे लक्षण नसून रयतेवर गरजेपेक्षा जास्त कर बसविल्याचा तो पुरावा आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. पुढच्याच साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गणित शिकविलेला मास्तर कौन्सिलात गेला म्हणजे काय होते त्याचे हे उदाहरण, असे आम्ही वर्गात मुलांना थोड्या अभिमानाने सांगत असू.

१९१९ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांना काही खर्चावर मत मिळाले, पण नाकारलेली रक्कम पुन्हा घालण्याचा अधिकार गव्हर्नराने आपल्याकडेच ठेवला. १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि अण्णासाहेब लठ्ठे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. आमच्या या जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्याचा, अर्थव्यवहाराशी संबंध तर विशेषच आहे. स्वतंत्र हिंदुस्थानचे १९५० ते १९५६ या काळातील अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावी जन्मले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली होती. संस्कृत शिकून पोट भरत नाही असे म्हणणाऱ्यांस आम्ही हे नाव ऐकवितो.

आता हा संकल्प आजच्या घटकेस कसा सिद्ध होतो ते पाहू.

बहुतेकांची समजूत अशी की, अर्थमंत्री फेब्रुवारीत चार दिवस दार लावून बसतात आणि भाषण लिहून काढतात. प्रत्यक्षात हे काम पावसाळा संपण्यापूर्वीच सुरू होते. साधारणतः भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास वित्त विभाग सर्व खात्यांना परिपत्रक धाडतो. मग तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून पुढील वर्षाचे अंदाज तयार होऊ लागतात. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षी किती मंजूर आहे, त्यातला किती उरेल, पुढे किती हवा, असे रकाने भरून ते कागद जिल्ह्याहून आयुक्तांकडे, तेथून मंत्रालयातील खात्याकडे आणि तेथून वित्त विभागाकडे जातात. प्रत्येक पायरीवर कात्री चालते. पौष-माघात खात्याखात्यांच्या बैठका होऊन आकडा ठरतो, मंत्रिमंडळाची संमती मिळते, आणि मग ते छापील पुस्तकांचे गाठोडे विधानभवनात येते. थोडक्यात, जो आकडा आपण मार्चात ऐकतो त्याचे बीज सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले असते.

या गाठोड्यात किती पैसा असतो? १० मार्च २०२५ रोजी अजित पवार यांनी विधानसभेत, आणि त्याच वेळी राज्यमंत्री आशीष जयस्वाल यांनी विधानपरिषदेत, २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये. म्हणजे दिवसाकाठी सुमारे १,९१८ कोटी. महसुली उत्पन्न ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, आणि या दोहोंतील तूट ४५,८९१ कोटी. एखाद्या एकत्र कुटुंबाची मिळकत वर्षाला ५,६१,००० रुपये, आणि किराणा, औषधपाणी, गड्यांचे पगार, जुन्या कर्जाचे व्याज यांतच ६,०७,००० उडतात अशी कल्पना करावी. घराला नवी खोली बांधावयाची ती याउपर, आणि अर्थात कर्ज काढून. मात्र ही उपमा फार ताणू नये. कुटुंबाला शेजाऱ्यावर कर बसविता येत नाही; राज्याला येतो. उलट कुटुंब सावकाराकडे केव्हाही जाऊ शकते. राज्याच्या डोक्यावर केंद्राचे कर्ज असेतो नवे कर्ज काढण्यास अनुच्छेद २९३ प्रमाणे केंद्राची अनुमती लागते.

या उत्पन्नातील निम्म्याहून अधिक रक्कम वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन खात्यांत आधीच बांधलेली असते. प्रस्तुत लेखकाचे निवृत्तिवेतनही त्यातच येते, तेव्हा त्या खर्चावर फार तोंडसुख घेणे आम्हांस शोभणार नाही. परंतु उरलेल्या भागातच नवा रस्ता, नवा दवाखाना, समुद्राच्या लाटांपासून गाव राखणारा बंधारा, आणि स्त्रियांस दरमहा दीड हजार रुपये देणारी लाडकी बहीण योजना हे सर्व बसवावयाचे असते. त्या एका योजनेसाठीच २०२५-२६ साली ३६,००० कोटी ठेविले होते. जागा थोडी आणि पाहुणे फार!

अर्थसंकल्प मांडण्याच्या आधी राज्याची आर्थिक पाहणी सभागृहापुढे येते. २०२५ साली ती ७ मार्चला आली. भाषणानंतर प्रथम सर्वसाधारण चर्चा होते. तीत सरकारच्या धोरणावर कोणीही कसेही बोलावे. मग खातेवार ‘अनुदानाच्या मागण्या’ येतात आणि येथे सभासदाच्या अधिकाराची खरी मर्यादा कळते. घटनेप्रमाणे विधानसभेला मागणी मान्य करता येते, नाकारता येते, अथवा कमी करता येते. वाढविता येत नाही. राज्यपालांच्या शिफारशीवाचून, म्हणजेच सरकारच्या इच्छेवाचून, एक पैचीही मागणी पुढे येऊ शकत नाही. सभासदाच्या हातात उरते ती कपात सूचना. धोरणच अमान्य असेल तर सगळी मागणी एक रुपयावर आणावी असे तो सुचवितो. काटकसर हवी असेल तर ठराविक रक्कम. आणि एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगावयाचे असेल तर केवळ शंभर रुपयांची लाक्षणिक कपात. शंभर रुपयांच्या कपातीने कोणाचेही काही बिघडत नाही, परंतु तीमुळे अमुक गावच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर का नाही याचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते. शंभर रुपयांत एवढे काम दुसरीकडे कोठे होत असल्यास आम्हांस माहीत नाही.

दुर्दैवाने उत्तराला वेळ पुरत नाही. २०२५ चे अधिवेशन ३ मार्चला सुरू होऊन २६ मार्चला संपले, म्हणजे अर्थसंकल्प मांडल्यानंतर जेमतेम सोळा दिवस. त्यातून सुट्ट्या, प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना आणि गोंधळ वजा करावा. ठरलेल्या शेवटच्या दिवशी ज्या मागण्यांवर चर्चाच झाली नाही त्या सर्व अध्यक्ष एकामागून एक मतास टाकतात आणि काही मिनिटांत हजारो कोटी मंजूर होतात. या प्रकारास संसदीय भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. फ्रान्सात शिरच्छेदासाठी वापरीत त्या यंत्राचे हे नाव आहे. मग विनियोजन विधेयक संमत होते, आणि तेव्हाच राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढण्याची मुभा मिळते. विधानपरिषदेने चौदा दिवसांत ते परत करावयाचे असते. तिची शिफारस विधानसभेवर बंधनकारक नाही. निवडणुका तोंडावर असल्या म्हणजे तूर्त काही महिन्यांपुरते लेखानुदान घेऊन काम भागवितात. २०२४ साली तसेच झाले : फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प, आणि २८ जूनला पुरा.

तरीही या सभागृहाने कधी मोठे काम केलेच नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कल्पना कायद्यात उतरली ती येथेच. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती लावून धरली. पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न आला तेव्हा १९७५ साली पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर व्यवसायकर बसला, आणि १९७७ साली हमीचा कायदा झाला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रुपयाने खेड्यातल्या मजुराच्या चुलीत लाकूड घातले. केंद्राला असा कायदा करण्यास २००५ साल उजाडावे लागले. व्यवसायकर कापला गेला म्हणून शिक्षकांच्या खोलीत होणारी कुरकुर आम्ही पुष्कळ वर्षे ऐकली. तिच्यात क्वचित भागही घेतला. पण ‘हा कर कशासाठी’ याचे इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणत्या कराला आहे?

हे सारे पुस्तकी झाले. आमच्या किहीमकरांना अर्थसंकल्पाचा खरा धडा मिळाला तो २०२० साली. त्या वर्षी ६ मार्चला अर्थसंकल्प मांडला गेला. रोगाच्या साथीमुळे १४ मार्चलाच, म्हणजे आठव्या दिवशी, अधिवेशन आटोपते घेतले. टाळेबंदीने उत्पन्न आटले तेव्हा ४ मे रोजी वित्त विभागाने आज्ञा काढली की, विकासाच्या खर्चात सदुसष्ट टक्के कपात करावी. विधिमंडळाने मंजूर केलेले शंभर रुपये, पण हाती यावयाचे तेहतीस! मंजुरी ही खर्चण्याची परवानगी असते, खर्चण्याची सक्ती नव्हे, हे त्या दिवशी पुष्कळांस प्रथमच कळले.

आणि मग ३ जून उजाडला. ‘निसर्ग’ चक्रीवादळ भर दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. आमच्या वाड्यांतून नारळ, पोफळी, आंबा, फणस अशी दाट लागवड; पोफळी तर काडेपेटीतील काड्या मोडाव्या तशा मधोमध मोडल्या. ज्या झाडाला फळ धरावयास सहासात वर्षे लागतात ते एका प्रहरात भुईसपाट झाले. ५ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागेस आले आणि रायगडासाठी शंभर कोटींची तातडीची मदत जाहीर झाली.

आमच्या आळीतील एका वृद्ध काकूंनी त्या वेळी आम्हांस विचारले, “मास्तर, बजेट तर मार्चातच झालं. वादळ जूनमध्ये येणार हे का सरकारला ठाऊक होतं? मग हे पैसे आले कोठून?”

“काकू, आपण कोठीत कडधान्याचा एक डबा पाहुण्यांसाठी बाजूला ठेवता की नाही?” आम्ही म्हटले.

“ठेवते. पण तो माझा मी उघडते. सरकारनं उघडला तर कोणाला विचारून?”

असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला असता तर आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. याचे उत्तर असे. अशा संकटासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. त्यात केंद्राचा वाटा पंचाहत्तर टक्के आणि राज्याचा पंचवीस. त्याखेरीज घटनेच्या अनुच्छेद २६७ प्रमाणे आकस्मिकता निधी आहे. त्यातून आधी उचल करावी आणि मग विधिमंडळाची संमती घेऊन ती भरून काढावी. याहूनही जास्त लागले तर सरकारने पुढील अधिवेशनात ‘पुरवणी मागण्या’ मांडावयाच्या. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन झाले ते अवघे दोन दिवस, ७ व ८ सप्टेंबर. त्या दोन दिवसांत सुमारे २९,०८४ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या आणि मंजूरही झाल्या. काकूंचा डबा उघडला गेला तो असा : आधी हात घातला, मागाहून विचारले, आणि विचारावयास वेळ मिळाला दोन दिवसांचा. संकटकाळी यास इलाज नसतो हे आम्हांसही मान्य आहे.

पैसा मिळाला, परंतु कोणत्या मापाने? फळबागांसाठी पूर्वीचा दर होता हेक्टरी १८,००० रुपये. तो खास बाब म्हणून, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, ५०,००० केला गेला. आकडा कानाला मोठा लागतो. पण एक हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. तेव्हा गुंठ्याला पडले पाचशे रुपये. देशावर बाग एकरांनी मोजतात. आमच्याकडे भावाभावांच्या वाटण्या होऊन वाडी उरते ती पाचदहा गुंठ्यांची. पाच गुंठ्यांच्या वाडीस अडीच हजार रुपये. त्यात पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नव्हती. माप घाटावरचे आणि माल कोकणातला, असा तो प्रकार झाला. ओरड झाली, निवेदने गेली, आणि पुढे झाडागणिक मदत ठरली : नारळास २५० रुपये, पोफळीस ५०. तेही पुरेसे नव्हतेच. तरी निदान झाड मोजले गेले. अर्थसंकल्पात ‘किती’ याइतकाच ‘कोणत्या मापाने’ हा प्रश्न मोठा असतो आणि ते माप सभागृहात क्वचितच ठरते. ते खात्याच्या निर्णयात ठरते. म्हणून त्या खात्याच्या मागणीवर बोलणारा सभासद आपल्या वाडीची रीत जाणणारा हवा.

पुरवणी मागण्यांविषयी मात्र एक तक्रार नोंदविल्यावाचून राहवत नाही. वादळ, अवर्षण यांसाठी त्या असाव्यातच. परंतु जुलै २०२४ मध्ये, म्हणजे पुरा अर्थसंकल्प मांडून दोन आठवडेही झाले नसता, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. ३० जून २०२५ रोजी ५७,५०९ कोटींच्या. संकल्पाचे उदक ताम्हनात पडते न पडते तोच यजमानाने ‘आणखी एक विसरलो’ म्हणावे, असे हे झाले. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या राज्याच्या वित्तव्यवहारांवरील अहवालांत वर्षानुवर्षे हा आक्षेप आढळतो की, पुरवणी घेतलेल्या कित्येक मागण्यांत मूळची रक्कमही खर्ची पडलेली नसते. गृहिणीने कोठीत गहू शिल्लक असता पुन्हा पोते आणविले तर तिला सासूबाई चार शब्द ऐकवितील. येथे सासूबाईंचे काम लोकलेखा समितीकडे आहे. पण ती तपासणी बहुधा खर्च होऊन काही वर्षे लोटल्यावर होते.

आता केव्हा आणि कोठे या प्रश्नाकडे वळू. आमच्या गावाला एखादा बंधारा, साकव किंवा दवाखान्याची खोली हवी असेल तर लोक मार्चात आमदारांच्या दारी जातात. त्या वेळी आमदार, मनात असले तरी, मागणीत एक रुपया घालू शकत नाहीत हे वर आलेच आहे. जावयाचे ते भाद्रपदात. जेव्हा बांधकाम खात्याचा उपअभियंता आपले रकाने भरीत असतो. ग्रामसभेचा ठराव, जागेचा कागद आणि खर्चाचा अंदाज त्या वेळी अलिबागेस पोहोचला तर तो वरच्या कागदात शिरण्याचा संभव. दुसरे दार जिल्हा नियोजन समितीचे. जिल्हा वार्षिक योजनेसाठी राज्यभर २०२५-२६ साली २०,१६५ कोटी ठेविले होते, आणि जिल्ह्याच्या वाट्यातून कोणती कामे घ्यावयाची हे त्या समितीत ठरते. लहान कामांचा निकाल विधानभवनापेक्षा येथेच अधिक लागतो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. आणि रायगडच्या पालकमंत्रिपदाची नेमणूक जानेवारी २०२५ मध्ये जाहीर होऊन पक्षापक्षांच्या ओढाताणीत लागलीच स्थगित झाली होती. कोठी भरलेली असता जुडगा कोणाच्या कमरेला याचाच वाद चालावा, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आमच्या वाचकभगिनींना समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्यांना स्वतः पडताळून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, अर्थसंकल्पाची पुस्तके मराठीत निघतात आणि वित्त विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचावयास मिळतात. घरातील एखादा मुलगा वा नात ती घटकाभरात उघडून देईल. जाडी पाहून भिऊ नये. प्रत्येक विषयास चार अंकी मुख्य लेखाशीर्ष असते : २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, ३०५४ म्हणजे रस्ते व पूल, २२४५ म्हणजे नैसर्गिक आपत्तींच्या निवारणार्थ साहाय्य. प्रत्येकापुढे ओळीने आकडे असतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज, आणि पुढील वर्षाचा अंदाज. मूळ अंदाज व सुधारित अंदाज यांत जेथे मोठी तफावत दिसेल तेथे बोट ठेवून थांबावे आणि तेवढाच प्रश्न आमदारांस लिहून पाठवावा. निसर्ग वादळाच्या साली २२४५ या शीर्षाखाली खरोखर किती पैसा गेला हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी २०२२-२३ चे पुस्तक काढावे. २०२०-२१ चा प्रत्यक्ष खर्च त्यातच पहिल्या रकान्यात छापलेला आहे.